आधीरावांच्या भिंतीवरचे रेडिओ

कुठल्याही कामाला हात घालायच्या आत ‘थांबा, आधी काय लागेल ते बघू’ म्हणणारा एक तरी माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. त्याचा सगळ्यांना राग येतो, आणि त्याच्यावाचून पानही हलत नाही. आमच्या गोष्टीतला तो माणूस म्हणजे आधीराव. खरं नाव चांगलं होतं बिचाऱ्याचं, पण ते आता पगाराच्या कागदावरच उरलं होतं. चहाला चला म्हटलं तर ‘आधी एवढं सेव्ह करतो’, छत्री घ्या म्हटलं तर ‘आधी बाहेर डोकावतो’. मग दुसरं कुठलं नाव पडणार?

ऑफिसात लिफ्टचं सॉफ्टवेअर बनायचं. बटण दाबलं की लिफ्टनं कुठं जायचं, दार किती वेळ उघडं ठेवायचं, ‘तळमजला’ असं गोड आवाजात कधी म्हणायचं, हे सगळं. प्रोग्रॅम लिहिणारे वेगळे होते. आधीरावांकडे होती बिल्ड फाइल. म्हणजे असं बघा, दहा जणांनी लिहिलेले शंभर तुकडे जुळवून एक चालतं सॉफ्टवेअर उभं करायचं, तर कुठला तुकडा आधी नि कुठला नंतर हे कॉम्प्युटरला कुणीतरी सांगावं लागतं. ते ज्या फाइलीत लिहितात ती बिल्ड फाइल. ओळीच्या डावीकडे जे बनवायचं ते लिहायचं, त्याला म्हणतात टार्गेट. मग दोन ठिपके. उजवीकडे ते बनायला आधी जे जे तयार लागतं ते, त्या त्याच्या डिपेन्डन्सी. ‘लिफ्ट’, दोन ठिपके, ‘मोटर, दार, आवाज’. झालं. चहाला पाणी, साखर, पत्ती लागते हे लिहिण्याइतकंच सोपं. फक्त इथं पत्तीलाही आपल्या डिपेन्डन्सी, आणि त्यांनाही त्यांच्या.

नव्या माणसाला आधीराव एकच धडा द्यायचे, तोही बोट नाचवून. ‘नको ते लिहिलंत तर नुसता वेळ जाईल, बसून चहा प्या. पण हवं ते लिहायचं राहिलं, तर घात होईल.’ एकदा कुणीतरी दाराच्या ओळीत घंटा लिहायला विसरलं होतं, नि चाचणीच्या लिफ्टचं दार मुक्यानं येऊन साहेबांच्या पोटावर आपटलं होतं. ती गोष्ट आधीराव दर वेळी सांगायचे, आणि दर वेळी साहेबांचं पोट थोडं मोठं व्हायचं.

घरी ते आणि त्यांची आई. वडील रेडिओ दुरुस्त करायचे. ते गेले, आणि मागे एक खोली उरली, जमिनीपासून छतापर्यंत रेडिओंनी भरलेली. लाकडी पेटीचे, प्लास्टिकचे, बटणं गेलेले, पोट उघडं पडलेले. काही तर गिऱ्हाइकांचे होते, जी परत फिरकलीच नाहीत. त्या खोलीत शिरायचं तर अंग चोरून, आडवं होऊन शिरावं लागे.

आता लग्नाचं ऐका. आधीरावांनी चाळिशी केव्हाच ओलांडली होती आणि आई विषय काढून काढून थकली होती. आधीरावांचं म्हणणं, बायको घरात आणायची तर आधी ती खोली नको का रिकामी व्हायला? आईचं म्हणणं, रेडिओ हलवायचे तर आधी ताईला येऊ दे, तिला हवे ते तिनं काढून घ्यावेत, बाप तिचाही होता. आणि ताई, म्हणजे आधीरावांची थोरली बहीण, राहायची लांबच्या गावात. नोकरी, मुलं, नवऱ्याची दुखरी पाठ. तिचं फोनवर ठरलेलं उत्तर, ‘एवढी रजा काढायची तर एकदाच काढेन बाई. आधी याच्या लग्नाची तारीख तर ठरू दे.’ तिघंही आपापल्या जागी बरोबर. एकेकाचं ऐकलं तर आपणही मान डोलवू. त्यामुळे ते घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं तिघांपैकी एकालाही वाटत नव्हतं.

बरं, नवरी कोण, तर तीही ठरलेलीच होती. निदान आधीरावांच्या मनात. ऑफिसच्याच इमारतीत तळमजल्यावर चष्म्याचं दुकान होतं. मालक दुसरे, पण दुकान चालवायची चष्मेवाली. भावंडांची शिक्षणं उरकता उरकता तिचीही चाळिशी उजाडली होती. आधीरावांच्या चष्म्याच्या डाव्या काडीचा स्क्रू दर दोन-तीन दिवसांनी ढिला व्हायचा. आता स्क्रू आपण होऊन इतका ढिला होत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल. आधीराव जिन्यात उभे राहून नखानं तो सैल करायचे आणि मग काळजीचा चेहरा घेऊन दुकानात शिरायचे. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय!

चष्मेवालीही काही बोलायची नाही. बारीक स्क्रू ड्रायव्हरनं सावकाश स्क्रू पिळायची आणि पिळता पिळता दिवसभराच्या गमती सांगायची. एका आजोबांनी तपासणीचा तक्ताच पाठ करून आणला होता म्हणे, डोळे मिटून शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड म्हणून दाखवला. आधीराव इतके हसायचे की चष्मा नाकावर नाही हेही विसरायचे. वर जाताना ते जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायचे. कळत सगळं होतं हो त्यांना. पण खोली रिकामी नव्हती ना!

त्या सोमवारी चष्मेवालीनं स्क्रू पिळला, पण चष्मा परत दिला नाही.

‘मालक दुसऱ्या शहरात मोठं दुकान काढतायत,’ ती म्हणाली. ‘मला तिकडे जा म्हणतायत. शुक्रवारी दुकान बंद करायच्या आत हो की नाही ते कळवायचंय.’

‘अरे वा,’ आधीराव म्हणाले.

‘तुमचं काय म्हणणं?’

चष्मा तिच्या हातात, त्यामुळे तिचा चेहरा त्यांना धड दिसत नव्हता. नुसता एक धूसर गोल, त्यांच्याकडे वळलेला. आधीरावांनी ओठ ओले केले. ‘म्हणजे... घरी आधी जरा... त्या खोलीचं एकदा...’

चष्मेवालीनं चष्मा काउंटरवर ठेवला. जरा जोरातच. ‘तुमचं आधी आटपलं की सांगा. पण शुक्रवारच्या आत. पुढं हा स्क्रू कोण पिळणार ते तुमचं तुम्ही बघा.’

त्या संध्याकाळी आधीराव घरी गेले ते थेट आईसमोर उभे राहिले. ‘आई, खोली रिकामी करायचीच.’ आई म्हणाली, ‘कर ना. ताईला बोलाव.’ त्यांनी ताईला फोन लावला. ताई म्हणाली, ‘येते ना. तारीख सांग.’ आधीराव फोन हातात घेऊन नुसते बसून राहिले. जेवणावरही लक्ष नव्हतं. आईनं दोनदा विचारलं, काय झालं रे? ते म्हणाले, काही नाही. आणि खरंच, घडत तर काहीच नव्हतं. तेच तर दुखणं होतं.

ऑफिसात त्याच आठवड्यात वेगळंच काम निघालं. बिल्ड, म्हणजे ती तुकडे जुळवणी, एकदा लावली की संपता संपत नसे, अख्खं ऑफिस चहाला जाऊन परत येई तरी ती चालूच. साहेबांनी फर्मान काढलं, सगळी टार्गेटं आणि त्यांच्या डिपेन्डन्सी एकदा डोळ्यांसमोर मांडा, कुठं वेळ जातो ते कळू दे. आधीरावांनी बैठकीच्या खोलीची एक भिंत अडवली. एकेका टार्गेटची कागदी पट्टी चिकटवायची, आणि ज्याला जे लागतं तिथपर्यंत लाल दोरा न्यायचा. मन रमवायला बरं काम होतं. बुधवार संपेपर्यंत भिंत अशी दिसायला लागली की सफाईवाल्या बाईंनी विचारलं, ‘कुणाचं स्वेटर विणताय?’

गुरुवारी दुपारी मात्र त्यांच्या हातातला दोरा थांबला. ‘दार’ला लागत होता ‘आवाज’, कारण घोषणा संपेपर्यंत दार उघडं ठेवायचं. ‘आवाज’ला लागत होते ‘मजले’, कारण मजल्यांची नावं घ्यायची. आणि ‘मजले’ला लागत होतं ‘दार’, कारण कुठल्या मजल्याला दोन बाजूंनी दारं ते बघायचं. दोरा निघाला तिथंच परत आला होता.

त्यांनी दारवाल्याला हाक मारली. दारवाला म्हणजे दाराचा प्रोग्रॅम लिहिणारा, आधीरावांचा जुना दोस्त. साहेबांच्या पोटाची गोष्टही त्याच्याच दाराची. त्यानं दोऱ्यावरून बोट फिरवलं आणि खांदे उडवले. ‘पण चालतंय की सगळं!’

‘कसं चालेल? दाराआधी आवाज, आवाजाआधी मजले, मजल्यांआधी दार. सुरुवात कुठनं करणार?’

त्यांनी बिल्ड लावली आणि दोघं पडद्यावर डोळे लावून बसले. भराभरा ओळी वर सरकत होत्या, आणि त्या गर्दीत एक ओळ लुकलुकून गेली. कॉम्प्युटर म्हणत होता, हे फिरून तिथंच येतंय, म्हणून ‘मजले’ला ‘दार’ लागतं हा दुवा मी सोडून देतोय. आणि सोडून देऊन तो खुशाल पुढं गेलासुद्धा. जुनी बिल्ड लावून बघितली, तिच्यातही तीच ओळ. वर्षानुवर्षं तो बिचारा रोज सांगत होता आणि एकानंही ते वाचलं नव्हतं.

‘म्हणजे हा दुवा नसताना लिफ्ट चालत होती?’

‘रोज चढतोस की तिच्यात,’ दारवाला म्हणाला.

मग आधीराव खोदायलाच बसले, आणि निघालं काय, तर मजल्यांना दाराची गरजच नव्हती. दोन दारांची माहिती मजल्यांच्या फाइलीत आधीपासून होती. कुणीतरी कधीतरी, लागलं तर असू दे म्हणून लिहून ठेवलं होतं. आधीरावांनी तो दोरा कात्रीनं कापला. दारवाल्याला ते बोट नाचवून म्हणाले, ‘लक्षात ठेव. गोल दिसला की एकेक दोरा धरायचा आणि विचारायचं, हे खरंच लागतं का, की नुसतं वाटतंय?’

लोकांना सांगे ब्रह्मज्ञान! असं बोलून आधीराव घरी गेले आणि पुन्हा त्या खोलीच्या दारात उसासे टाकत उभे राहिले. पण रात्रीतून कुठंतरी काहीतरी हललं असावं. कारण शुक्रवारी दुपारी दारवाला चहाचे दोन पेले घेऊन बैठकीच्या खोलीत शिरला, तेव्हा भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात पाच नव्या पट्ट्या होत्या आणि आधीराव त्यांच्यासमोर मांडी ठोकून बसले होते.

दारवाल्यानं वाकून वाचलं. ‘अरे, आपल्या लिफ्टमध्ये रेडिओ कधीपासून बसवले?’

आधीरावांनी सुटत आलेली एक पट्टी अंगठ्यानं दाबून बसवली.

‘आणि ही ताई कुठल्या मजल्यावर राहते?’

मग मात्र आधीरावांनी सगळं सांगून टाकलं. खोली, रेडिओ, ताई, तारीख, चष्मेवाली, नखानं सैल केलेला स्क्रूसुद्धा. ऐकता ऐकता दारवाल्याला असा काही ठसका लागला की अर्धा चहा पायघोळ पँटवर सांडला. ‘लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही नि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण ऐकून होतो,’ तो डोळे पुसत म्हणाला. ‘पण दोऱ्यानं बांधून भिंतीवर लावलेली आजच बघितली.’

‘हसू नकोस. आज शुक्रवार आहे. ती जाईल रे.’ ‘ती गेली तर मी काय करू?’

दारवाल्याचं हसू थांबलं. तो शेजारी येऊन बसला आणि त्यानं कात्री उचलली. ‘काल मला काय शिकवलंस? चल, एकेक दोरा धर. लग्नाला रेडिओ हललेले लागतात?’

‘नाही, पण...’

‘पण नाही. कट. खोली रिकामी लागते?’

‘जागा नको का?’

‘माझं लग्न झालं तेव्हा आम्ही सात जण दोन खोल्यांत होतो. कट. ताई आधी यायला लागते? तारीख ठरल्यावरच येतात ना माणसं? कट.’ दोरा कापला की तो पट्टीही उपटून खाली टाकत होता. ‘लग्न’ एवढी एक पट्टी उरली, उजवीकडे काही नसलेली. ‘मग आता सांग, लग्नाला लागतं काय?’

‘दोन माणसं.’

‘एक तू. दुसरं तयार आहे?’

आधीराव उरलेल्या पट्टीचा कोपरा नखानं उचकटायला लागले.

‘विचारलंयस तिला? कधी तरी? एकदा तरी?’

आधीरावांनी भिंतीकडे बघितलं. मग खाली पडलेल्या पट्ट्यांकडे. खोली होती, रेडिओ होते, ताई होती, तारीख होती. तिच्या ‘हो’ची पट्टीच नव्हती. उभ्या जन्मात दुसऱ्यांच्या फाइलीतलं कुसळ ज्यांनी सोडलं नाही, त्यांच्या स्वतःच्या यादीत हे एवढं मोठं मुसळ! हवं ते लिहायचं राहिलं तर घात होतो, हे वाक्य कुणाचं होतं? ते उठले. लिफ्टचं बटण दाबलं, दार उघडायची वाट बघवेना म्हणून तिला तशीच सोडून जिन्यानं धावत सुटले. दारवाला मागनं ओरडला, ‘स्क्रू तर सैल कर!’ पण ते ऐकायला आधीराव होते कुठं?

दुकानात एक आजीबाई उंच खुर्चीवर बसल्या होत्या, नाकावर तपासणीची लोखंडी जड चौकट. चष्मेवाली त्यात भिंग बसवत होती. तिनं आधीरावांकडे बघितलं, मग त्यांच्या चष्म्याकडे.

‘आज तर स्क्रू घट्ट दिसतोय.’

‘आज स्क्रूचं काम नाही.’ आधीरावांना धाप लागली होती. ‘मालकांना फोन केलात?’

‘आजींचं झालं की करणारच होते.’

‘नका करू. म्हणजे करा, पण... माझ्याशी लग्न कराल का?’ एकदा तोंड उघडल्यावर सगळंच बाहेर पडलं. ‘घरात जागा नाही. एक खोली रेडिओंनी भरलीय. ताई आलेली नाही, तारीख नाही, आईला सांगितलेलं नाही. काहीच तयार नाही. पण तुम्ही इथून गेलात तर मला करमणार नाही. कधीच नाही.’

चष्मेवालीच्या हातात भिंग तसंच राहिलं. आजीबाई चौकटीतून एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या. ‘अगं, उत्तर दे त्याला,’ त्या म्हणाल्या. ‘माझा नंबर काही पळून जात नाही. आणि या भिंगातनं मला सगळं लख्ख दिसतंय हो!’

‘हो,’ चष्मेवाली म्हणाली. मग तिचा आवाज चढला. ‘हो! कधीची हो म्हणायला बसलेय. स्क्रू पिळून पिळून त्याचे आटे झिजले, पण हे गृहस्थ मूग गिळून बसलेले! विचारायला काय धाड भरली होती तुम्हाला?’ आणि बोलता बोलताच तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिनं पदरही शोधला नाही, चष्मा पुसायचं मऊ फडकं ओढलं. ‘आता मालकांना फोन करायचाय, नि मला तर हे रडूच आवरत नाहीये. आधी काय करू?’

सगळ्या जगात हा प्रश्न विचारायला याहून योग्य माणूस तिला मिळाला नसता. आधीरावांनी क्षणभर विचार केला. धंदाच होता तो त्यांचा.

‘दोन्ही एकदम करा,’ ते म्हणाले. ‘त्यांचं एकमेकांवाचून काही अडत नाही.’

तिनं तसंच केलं. फोनवर ती ‘मालक, मी येत नाही’ असं म्हणत इतकी हुंदके देत होती, मधूनच खुदकन हसत होती, की मालकांनी घाबरून विचारलं, कोण गेलं? ‘कुणी नाही, मीच राहिलेय!’ असं ती म्हणाली, तेव्हा आजीबाईंनी ती लोखंडी चौकट डोळ्यांवर तशीच ठेवून टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी आधीरावांनी घरी सांगितलं तेव्हा आई भाजी चिरत होती. सुरी ताटात पडली. तिनं आधी लेकाला जवळ घेतलं, मग डोळे पुसले, आणि मग एकदम तिचा चेहरा उतरला.

‘म्हणजे आता खोली रिकामी करायची,’ ती म्हणाली.

‘ती नको म्हणाली. तिला रेडिओ बघायचेत. बारीक स्क्रू ड्रायव्हर आहेत माझ्याकडे, म्हणाली, एखादा तरी बोलका करू.’

आई तिथंच एका पेटीवर टेकली. ‘अरे, मला कुठं टाकायचे होते रे ते? संध्याकाळी मी तिथं जाऊन बसते. तुझ्या बाबांच्या हाताचा वास येतो अजून. पण तू खोली हवी म्हणायचास. मग म्हटलं, ताई येईपर्यंत तरी राहतील.’

फोन लावला, तर पलीकडून ताई आनंदानं किंचाळली, आणि मग तिचाही सूर बदलला. ‘पण रेडिओ काढू नका रे एवढ्यात. मला ती खोली रिकामी बघवणार नाही. म्हणून तर मी तारखेचं निमित्त सांगून टाळत होते.’

आईनं लेकाकडे बघितलं. ज्या खोलीपायी एवढी वर्षं सगळं अडलं होतं, ती रिकामी व्हावी असं तिलाही वाटत नव्हतं नि ताईलाही नाही.

‘मग तुला तरी ती कशाला रे हवी होती रिकामी?’ आईनं विचारलं.

आधीरावांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. ‘मला वाटलं, आधी लागेल,’ ते म्हणाले.

आईनं त्यांच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. फोनवर ताई हसत होती. दोघींचं हसणं थांबेना, तेव्हा आधीराव स्वतःही हसायला लागले, आणि भाजी त्या दिवशी निम्मीच चिरलेली राहिली.